वरच्या मजल्याचा आवाज

"जरा हळू. आम्ही ऐकतोय," मोठे साहेब म्हणाले आणि त्यांनी तळहात टेबलावर अलगद दाबला. टेबलाभोवतीची माणसं हसली. वाईट नाही हसली; पाहुण्यांसमोर घरातलं मूल काहीतरी बोलून गेलं की हसतात तशी. तोही हसला. मग पुढचं वाक्य बोलायला गेला तर ते सापडेना. कारखान्याच्या प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या खात्याचा, सुपरवायझर म्हणून इतकी वर्षं त्यानं खालून वर नुसते आकडे पाठवले होते. ते घेऊन त्याला स्वतःला वर बोलावलं होतं ते आज पहिल्यांदाच. असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी त्यानं अर्ज केला होता, आणि अर्ज करणाऱ्याला मुलाखतीआधी एकदा मीटिंगमध्ये बसवून बघायचं अशी इथली पद्धत होती. बघायचं म्हणजे काय, हे त्याला आत्ता कळत होतं. उरलेले आकडे त्यानं कसेबसे सांगितले. पण सगळं लक्ष स्वतःचा आवाज बाहेरून कसा ऐकू येत असेल इकडे होतं, आणि स्वतःचा आवाज तसा तर कुणालाच ऐकू येत नाही. इतरांचे आवाज खोलीत नीट बसत होते. त्याचा तेवढा मावत नव्हता.

जिना उतरून त्यानं खालचं दार ढकललं आणि प्रेसचा दणका नेहमीसारखा आधी पायांत शिरला, मग छातीत, आणि कानांपर्यंत सगळ्यात शेवटी आला. इथं कुणी हळू बोलत नाही. इथं शब्द दगडासारखा फेकावा लागतो, मध्येच पडला तर पुन्हा उचलून फेकावा लागतो. तो नवा लागला तेव्हा मास्तरनं त्याला पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन सांगितलं होतं, घशातून ओरडू नकोस, पोटातून ओरड. घसा बसतो, पोट बसत नाही. मास्तर म्हणजे प्रेसवर डाय, म्हणजे पोलादी साचे, बसवणारा कारागीर. शाळेचा आणि त्याचा संबंध कधी आला नव्हता, पण दिसेल त्याला शिकवायची खोड, म्हणून मास्तर. तेव्हा याचा आवाज बारीक होता. आई म्हणायची, या पोराला काही विचारलं तर उत्तर ऐकायला उठून जवळ जावं लागतं. तो आवाज कुठे गेला? कुणी चोरला नव्हता. साबण झिजतो तसा रोज थोडा थोडा गेला असेल आणि त्याच्या जागी हा दुसरा आला असेल, रुंद, खरखरीत, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. आणि याच आवाजानं त्याला वर आणलं होतं. त्या वेळचे मॅनेजर, एका माणसाला सुपरवायझर करायचं ठरलं तेव्हा, सगळ्यांसमोर म्हणाले होते, याला करा, याचा आवाज पोचतो. त्याला त्या रात्री झोप आली नव्हती आनंदानं. आपला आवाज पोचतो. आता तो जिथे पोचायचा होता तिथे पोचला होता, आणि तिथली माणसं म्हणत होती, हळू.

तपासणीच्या टेबलाशी तो थांबला. तिथे नणंद-भावजय शेजारी शेजारी उभ्या राहून तयार भाग हातात फिरवून बघायच्या. घरी दोघींचं पटत नव्हतं, एका घरात राहून बोलणं बंद होतं. पण इथे टेबलावर आल्या की शिफ्ट संपेपर्यंत तोंडाला खीळ नसे. घरचं सगळं इथेच बोलून घ्यायच्या, भाजी काय करायची इथपासून. त्यानं मुद्दाम आवाज उतरवून विचारलं, सकाळपासून किती भाग बाद झाले. दोघी एकदम पुढे वाकल्या. त्यानं पुन्हा तितक्याच हळू विचारलं. भावजयीनं हातातला भाग खाली ठेवला.

"तुम्हाला बरं नाहीये का?" ती म्हणाली.

घरीही तेच. चहा घेता घेता त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं की मी बोलतो ते फार मोठ्यानं बोलतो का. मुलगी कॉलेजातून नुकतीच आली होती, ती म्हणाली, बाबा, तू फोनवर बोलतोस ना, तेव्हा फोनची गरज नसते. आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन आत गेली. बायकोनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि कप उचलले. तो हसला खरा, पण मग त्याला बसवेना. त्यानं पेपर उघडला आणि एक बातमी ओठांतल्या ओठांत वाचून पाहिली, मग जराशी मोठ्यानं, मग मधल्या कुठल्यातरी पट्टीत. मधली पट्टी सापडत नव्हती. एक तर आवाज घशातच राही, नाहीतर खिडकीबाहेर जाई. आणि एवढं करून हवं काय होतं त्याला? पगार वाढेल, हे खरं होतं, पण रात्री कुशी बदलताना पगार मनात येत नसे. मनात यायची ती एक जुनी गोष्ट. वरून हुकूम आला होता, मशीनं हलवा, रांग फिरवा. सगळं हललं, तीन दिवसांत पुन्हा पहिल्यासारखं करावं लागलं, आणि कुणीच कुणाला काही विचारलं नाही. तेव्हा त्याला वाटलं होतं, हे ठरलं त्या खोलीत आपण एक शब्द बोललो असतो तर. तो एक शब्द तेव्हापासून त्याच्या तोंडात होता. पण हेही खरं की वरच्या खुर्च्यांना चाकं होती, आणि एकदा वर कुणी नसताना तो अशा एका खुर्चीत बसून भिंतीपर्यंत आणि परत जाऊन आला होता. माणूस एकाच कारणासाठी कधी काही मागत नाही.

मुलाखतीला तिघं होते. मध्ये मोठे साहेब, त्यांच्या शेजारी दुसऱ्या कारखान्यातून आलेले टक्कल पडलेले गृहस्थ, आणि याच्या डाव्या हाताला, टेबलाच्या कडेशी, एचआरच्या मॅडम. वयानं लहान आणि आवाजानं त्याहून लहान. त्यांच्या डोक्यावर एसी घरघरत होता. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यानं इतकी हळू दिली की टकले गृहस्थ म्हणाले, जरा मोठ्यानं बोललात तरी चालेल. मग त्यानं आवाज एक पायरी वर चढवला आणि आश्चर्य म्हणजे तिथे तो टिकला. विषयही त्याचाच निघाला होता. दर महिन्याला किती पत्रा वाया जातो, कितीतरी भाग भंगारात जातात, ते का जातात, हे तो सांगत गेला. आपण बोलतोय आणि समोरचे ऐकताहेत, हे त्याला अंगावर ऊन पडावं तसं जाणवत होतं. मॅडमनी मध्ये दोनदा काहीतरी विचारलं. दोन्ही वेळा त्यानं "काय म्हणालात?" म्हटलं, दोन्ही वेळा त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांचे ओठ हलले तेव्हा वाक्याची सुरुवात एसीत गेली आणि शेवट तेवढा त्याच्यापर्यंत आला. "...कमी करायचं झालं तर किती वेळ लागेल तुम्हाला?"

आणखी एकदा "काय" म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. आणि गरज काय होती? बोलणं वाया जाणाऱ्या मालाचंच चाललं होतं. प्रेस शॉपमध्ये सगळेच असं अर्धं ऐकून अर्धं जोडून घेतात, त्यावर शेड चालते.

"निम्म्यावर आणता येईल," तो म्हणाला. "सहा महिने द्या."

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. टकले गृहस्थ पुढे सरकले. "निम्म्यावर? एवढी खात्री आहे तुम्हाला?"

"मी रोज बघतो ना. काय फुकट चाललंय ते मला तोंडपाठ आहे."

मॅडम पुन्हा काही बोलल्या. त्यातला "विरोध" तेवढा त्याला मिळाला. होईल, तो म्हणाला, पहिले काही दिवस कुरकुर होतेच, मग अंगवळणी पडतं. खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. ही शांतता भंगाराच्या मानानं जरा मोठी आहे असं काहीतरी त्याच्या मनाला चाटून गेलं. पण मोठ्या साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, उठून हात पुढे केला, आणि तो विचार त्यानं कानामागे टाकला.

जागा त्याला मिळाली. बायकोनं बातमी ऐकली आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, हसावं की रडावं हे ठरेना म्हणून दोन्ही थोडं थोडं केलं. मुलीनं मैत्रिणींना कळवलं. प्रेस शॉपमध्ये मास्तरनं त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. ते डाव्या कानाशी सांगितलं, त्यामुळे काय ते कळलं नाही, पण मान हलवली. वर त्याला काचेची केबिन मिळाली. दार लावलं की आवाज बंद. पहिल्या दिवशी त्याला वाटलं एसीला शिट्टी आहे, बारीक, न थांबणारी, दूर कुठेतरी कुकर विसरल्यासारखी. त्यानं एसी बंद केला. शिट्टी चालूच. खिडकी उघडली, लावली, खुर्ची सरकवली. दुपारी केव्हातरी त्याच्या लक्षात आलं की शिट्टी खोलीत नाही. ती डोक्यात होती, बरीच वर्षं असणार. खालच्या दणक्यात ती कधी भेटली नव्हती. तो दोन्ही तळहात कानांवर ठेवून बसला, आणि काचेतून कुणी बघेल म्हणून लगेच खाली घेतले. त्यानंतर केबिनमध्ये एकट्यानं बसणं त्याला जड जाऊ लागलं. काहीतरी कारण काढून तो दिवसातून चारदा खाली जाई, दणक्यात उभा राही, आणि डोकं शांत झालं की परत वर येई. खालच्यांना वाटे, साहेब झाला तरी माणूस बदलला नाही.

मग नियोजनाची मीटिंग झाली. या वेळी मॅडम त्याच्या उजव्या बाजूला बसल्या होत्या. पडद्यावर प्रेस शॉपचं चित्र आलं, त्याचं प्रेस शॉप, चौकोन आणि बाण. मोठे साहेब म्हणाले की मुलाखतीत सगळ्या उमेदवारांना हा प्रश्न विचारला होता आणि बाकीच्यांनी तो टोलवला, एकानं तर उत्तरच दिलं नाही. सरळ उत्तर एकानंच दिलं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. कुठला प्रश्न, हे तो विचारणार होता, पण मॅडमनीच तो सगळ्यांच्या माहितीसाठी पुन्हा वाचला, हळू आवाजात, पण आता उजव्या कानाशी. "प्रेस शॉपचं मनुष्यबळ कमी करायचं झालं तर किती वेळ लागेल तुम्हाला?"

मनुष्यबळ. मुलाखतीच्या दिवसापासून अधांतरी लोंबकळणारं ते वाक्य खटकन पूर्ण झालं. आणि त्यामागून त्याची स्वतःची उत्तरं एकेक करून आली, त्याच्याच आवाजात, त्याच्याच खात्रीनं. निम्म्यावर. काय फुकट चाललंय ते मला तोंडपाठ आहे. पहिले काही दिवस कुरकुर होते. साहेब सांगत होते की नावं त्यानंच सुचवावीत, तो सगळ्यांना ओळखतो, म्हणजे अन्याय होणार नाही. त्यानं तोंड उघडलं. इतकी वर्षं तोंडात धरलेला तो एक शब्द बोलायची हीच खोली होती, हीच वेळ. "बघतो," तो म्हणाला. खाली जाताना जिन्यावर त्याला जाणवलं की आपण बघायला लागलोसुद्धा. मास्तर तसाही निवृत्तीला आलाय. मागच्या रांगेतले दोघे वारंवार रजेवर असतात. नणंद-भावजयीपैकी एक पुरेल. मन कुणाला विचारून कामाला लागत नाही. तो जिन्यातच थांबला, कठड्याला धरून. त्याला स्वतःची भीती वाटली, आपण ते ऐकलं नव्हतं म्हणून नव्हे. ऐकल्यावर आपल्याला ते इतकं पटकन जमत होतं म्हणून.

संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, चल, जरा चालून येऊ. कोपऱ्यावरच्या दुकानाशी आल्यावर त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत चालली होती, त्याच्या उजवीकडून.

"डाव्या कानानं तुम्हाला कमी येतं, ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"आपली पोर रांगत होती तेव्हापासून. ती डावीकडे रडायची आणि तुम्ही उजवीकडे शोधायचात."

रस्ता ओलांडताना ती त्याच्या मागून फिरून पुन्हा उजवीकडेच आली. त्याला आठवलं, ती नेहमीच इकडून चालते. लग्नाच्या फोटोत तेवढी डावीकडे आहे. त्याला वाटायचं, असते एकेकाची सवय.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "दोनदा."

दुकानाच्या पुढे गेल्यावर, जागा जाईल, तो म्हणाला, कान खराब आहेत म्हटल्यावर वर कोण ठेवेल, आणि खालीही ठेवतील की नाही. ती म्हणाली, ते तिला कळत नाही, जागा जाईल की राहील ते. तिला एवढंच कळतं की मुलाखतीत ऐकू आलं नव्हतं, ते ठीक आहे, त्यात कुणाचा दोष नाही.

"पण आता तर ऐकलंत ना?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो मोठ्या साहेबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, तो प्रश्न मला ऐकू आला नव्हता. साहेबांना वाटलं, हा काहीतरी आडवळणानं बोलतोय. मग त्यानं कान दाखवला, एसी सांगितला, पत्रा आणि भंगार सांगितलं. साहेबांनी उठून दार लावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाले की कानाचं काय एवढं, हल्ली छोटंसं यंत्र मिळतं, कुणाला दिसतही नाही.

"तुम्ही आत्ता जे बोललात ते मी ऐकलं नाही, असं धरू," ते म्हणाले. "खाली जा, दोन दिवस विचार करा."

जाता आलं असतं. दार दोन पावलांवर होतं, आणि साहेबांनी ते त्याच्यासाठी उघडायलाही हात पुढे केला होता. त्याच्या केबिनमधली खुर्ची, तिची चाकं, मुलीनं मैत्रिणींना कळवलेलं, सगळं त्या दारापलीकडे जसंच्या तसं होतं.

"नाही साहेब. ऐका," तो म्हणाला. आपण किती मोठ्यानं बोलतोय हे त्याला कळत नव्हतं आणि कळून घ्यावंसंही वाटलं नाही. "मी पत्र्याबद्दल बोलत होतो. माणसांबद्दल नाही. नावं मी देणार नाही."

"शेवटी हिशेब एकच असतो हो," साहेब थकून म्हणाले.

"मग तो मला येत नाही."

"तुमच्या जागी येईल तो करेल. काही थांबणार नाही."

"नाही थांबणार," तो म्हणाला. "पण त्याला निदान प्रश्न ऐकू आलेला असेल."

पेंट शॉपच्या सुपरवायझरला वर घेतलं. याच्या बाबतीत वैद्यकीय कारण दाखवलं गेलं, आणि दणक्यापासून दूर म्हणून त्याला कच्च्या मालाच्या गोदामात पाठवलं, हुद्दा जुनाच. खाली बातमी पसरली ती एवढीच की कान तपासले, नापास झाला, बिचारा. त्यानं ती दुरुस्त केली नाही. दुरुस्त करायची म्हणजे आपण काय नाकारलं ते सांगायचं, आणि नाकारून उपयोग काय झाला ते कुणीतरी विचारणार. माणसं कमी झालीच. निम्मी नाही, पण झाली. मास्तरला मुदतीआधी निवृत्त केलं, तपासणीच्या टेबलावरून भावजय गेली. नणंद एकटीच उभी राहून भाग फिरवत असते. त्या दोघी आता कुठे बोलतात कोण जाणे. गोदामातून येता-जाता तो तिला नमस्कार करतो, ती मान हलवते; तिच्या लेखी तोही वरच्यांपैकीच एक, काही दिवस का होईना वर जाऊन आलेला. तिचं चुकत नाही. कधी कधी, गोदामात दुपारी काम नसतं तेव्हा, त्याला वाटतं की आपण तिथेच राहिलो असतो तर चार माणसं तरी जास्त वाचवली असती. मग आठवतं की जिन्यावर आपलं मन कसं कामाला लागलं होतं. ह्या दोन्हींपैकी खरं कुठलं, ते त्याला ठरवता येत नाही, आणि ठरत नाही म्हणून तो उठतो, पत्र्याच्या थप्प्यांमधून उगाच एक फेरी मारून येतो.

त्या वर्षीच्या तपासणीला त्याला गाडीतून दवाखान्यात पाठवलं. गुबगुबीत भिंतींची लहानशी खोली, पुढे काच, काचेपलीकडे यंत्राशी बसलेली मुलगी. कानांवर चकत्या लावायच्या, आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. अशा तपासण्या त्यानं पूर्वीही दिल्या होत्या, आणि दर वेळी पास झाला होता. कारण यंत्राची कळ फिरवताना समोरच्याचा खांदा जरासा हलतो, आणि तो हलला की दाबायचं, हे प्रेस शॉपमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मुलीनं हातानं खूण केली, सुरू करू? त्यानं तिला थांबवलं. खुर्ची उलटी फिरवून बसलो तर चालेल का, म्हणून विचारलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. काचेकडे पाठ करून तो भिंतीकडे तोंड करून बसला. दार बंद झालं. शिट्टी होती, तिची आता ओळख झाली होती. तिच्यामागून एक जाड, गोल आवाज आला, विहिरीतून यावा तसा, आणि त्यानं बटण दाबलं. मग दुसरा, त्याहून बारीक. दाबलं. मग काही आलं नाही. आवाज चालू असणार. पाठीमागे ती मुलगी एकेक पायरी चढवत वाट बघत असणार, हे त्याला कळत होतं. अंगठा बटणावर होता आणि त्याला सवयीनं खाज सुटली होती. त्यानं तो उचलला आणि गुडघ्यावर ठेवला.